दारू सुटल्यानंतरचं घर

राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगमंचावर आलं, तेव्हा ते पाहायला गडकरी हयात नव्हते. बालगंधर्वांच्या सिंधूने पुढची कित्येक वर्षं महाराष्ट्राला रडवलं. सुधाकराचा पहिला प्याला, तळीरामाची बडबड, सिंधूची सोशीकता हे सगळं तोंडपाठ असलेली माणसं अजूनही भेटतात. त्या नाटकात एक तान्हं मूलही आहे. त्याच्या तोंडी अर्थातच एकही वाक्य नाही आणि ते बापाच्याच हातून मरतं. प्रेक्षकाला हुंदका येतो तो सिंधूसाठी. यात नाटककाराला बोल लावायचा नाही. शोकांतिका नवरा-बायकोची आहे, मूल तिथे तिची परिसीमा दाखवायला आलं आहे. पण पुढच्या शंभर वर्षांत दारूवर जेवढं बोललं गेलं, कीर्तनांत, चित्रपटांत, दारूबंदीच्या सभांत, तिथेही मुलाची जागा बहुतेक तीच राहिली. भिंतीवरच्या पोस्टरमध्ये फाटक्या फ्रॉकमधली मुलगी असते. ती बापाला लाज वाटावी म्हणून असते. तिला स्वतःला काय हवंय, हे त्या पोस्टरला विचारायचं नसतं.

हे पुस्तक नेमकं तेच विचारतं. म्हणून प्रस्तावनेचं काम मी आनंदाने घेतलं.

व्यसनमुक्तीच्या चळवळीचा क्रमही पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ १९३५ साली सुरू झालं ते पिणाऱ्यांसाठी. त्यांच्या घरच्यांचा, म्हणजे प्रामुख्याने बायकांचा ‘अल-ॲनॉन’ उभा राहायला १९५१ उजाडलं. मुलांचा ‘अलाटीन’ १९५७चा, आणि त्याची सुरुवात करणारा कॅलिफोर्नियातला एक किशोरवयीन मुलगाच होता. आधी नवरा, मग बायको, शेवटी पोर. आपल्याकडेही फार वेगळं घडलं नाही. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या मदतीने १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केलं. दाखल झालेल्या माणसाला ‘रुग्णमित्र’ म्हणायचं आणि त्याच्या बायकोलाही उपचारात धरायचं, ही तिथली रीत त्या काळात मोठी गोष्ट होती. बायको नुसती ‘बिचारी’ नाही, तिचाही आजार झालेला असतो आणि तिलाही बरं व्हायचं असतं, हे मराठी घरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. मुलाबद्दलची ही समज अजून सर्वदूर पोचायची आहे. पुष्कळ केंद्रांत मूल येतं ते भेटीच्या दिवशी, धुतलेले कपडे घालून, बाबांसाठी डबा घेऊन. काउन्सेलर आईला आत बोलावतात, तेव्हा ते बाहेरच्या बाकड्यावर पाय हलवत बसलेलं असतं.

मोजदादीतही ते बाकड्यावरच आहे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. दहा ते पंचाहत्तर वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि त्यांपैकी जवळपास पावणेसहा कोटींचं पिणं मदतीची गरज पडण्याइतकं बिघडलेलं आहे, असं तो सांगतो. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमध्ये जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळतो आणि दाखल होऊन उपचार घेणारा १८० मध्ये एक, हेही त्यातच आहे. या माणसांच्या घरात मुलं किती, हा प्रश्न त्या पाहणीचा नव्हता. पण ३८ मध्ये एक हा आकडा मुलाच्या बाजूने वाचून पाहावा. बाप उपचाराला आल्यावरच मुलाकडे बघायचं असं ठरवलं, तर उरलेल्या ३७ घरांतल्या मुलांकडे कोणीच बघणार नाही. या पुस्तकाचा पाया इथे आहे, आणि मला तो पूर्ण पटतो: मुलाला मदत द्यायला बापाच्या दारू सोडण्याची वाट पाहायची नसते.

अशा घरातल्या मुलाला जे कळतं, ते मोठ्यांना वाटतं त्याच्या कितीतरी पट असतं. गेटच्या कडीचा आवाज कसा आला यावरून आजची रात्र कशी जाणार हे त्याला समजतं. पगाराची तारीख त्याला आईच्या आधी आठवते. ‘जा, बघून ये, गुत्त्यावर आहेत का’ म्हणून त्यालाच पिटाळलं जातं. बापाच्या तोंडाचा वास घेऊन आईला सांगणं हेही त्याचंच काम. कधी बापच क्वार्टर आणायला पाठवतो. मुलाला दारूची ने-आण किंवा विक्री करायला लावणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे, हे पाठवणाऱ्याला माहीत नसतं आणि देणाऱ्या दुकानदारालाही. आणखी एक उद्योग चालतो, त्याबद्दल जरा स्पष्ट लिहितो. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती वाचून किंवा कोणाच्या सांगण्यावरून डायसल्फिरमच्या गोळ्या कुटून वरणात, चहात मिसळल्या जातात, आणि तो चहा नेऊन देणारं बऱ्याचदा पोर असतं. ही गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळण्यापर्यंत, प्रसंगी जिवावर बेतेपर्यंत मजल जाऊ शकते. ती माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची असते. चहा घेऊन जाणाऱ्या त्या पोराच्या डोक्यावर आपण काय ठेवतो, याचा विचार कोणी करायचा?

मग श्रावण येतो. गटारीला यथेच्छ झाल्यावर पुष्कळ घरांत महिनाभर बाटली बंद राहते. बाबा वेळेवर येतात, पोथीला बसतात, मुलीच्या केसांना रिबन बांधून देतात. शिक्षकांनी आपल्या वर्गाकडे लक्ष देऊन पाहिलं तर काही मुलं या महिन्यात वेगळीच दिसतील. मोठ्यांना हा दिलासा वाटतो. मूल मात्र यातून एक निष्कर्ष काढतं आणि तो कोणाजवळ बोलत नाही: बाबांना सोडता येते. देवासाठी सोडतात. माझ्यासाठी सोडत नाहीत. व्यसन हा आजार आहे, एखादा महिना आवरणं आणि कायमचं थांबणं यांत मोठा फरक असतो, आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबवलं तर त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, म्हणून असं थांबणंही डॉक्टरच्या सल्ल्याने हवं, हे सगळं त्याला कोणी तरी त्याच्या भाषेत सांगायला हवं असतं. दहा वर्षांच्या मुलाला ते समजतं. सांगायचं कोणी, एवढाच प्रश्न असतो.

याहून वाईट म्हणजे शपथ. आपल्याकडे दारू सोडण्याच्या शपथा अनेक प्रकारच्या आहेत. पंढरपूरला जाऊन माळ घालणं ही त्यातली सगळ्यात प्रतिष्ठेची, आणि तिने तगलेली माणसं आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यामागे वारीची, भजनी मंडळाची सोबत असते. पण पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ ही क्रूर गोष्ट आहे. ‘पोराची शपथ, पुन्हा शिवणार नाही.’ आठवड्याने बाप पुन्हा पितो. शपथ मोडली तर ज्याची घेतली त्याचं बरंवाईट होतं, हे मुलाने आजीकडून ऐकलेलं असतं. त्या रात्री त्याला ताप आला तर घरात कोणी दोन आणि दोन चार करत नाही. ते करत असतं. समुपदेशकांनी, नातेवाइकांनी, गावच्या पुढाऱ्यांनी एवढी एक शपथ घेऊ दिली नाही, तरी पुष्कळ होईल.

या घरांतली सगळी मुलं सारखी नसतात. एखादा वर्गात मारामाऱ्या करतो, त्याच्याकडे निदान लक्ष जातं. माझ्या मते जास्त काळजी करावी ती गुणी मुलीची. धाकट्याला आंघोळ घालून शाळेत आणणारी, कधी तक्रार न करणारी, बाईंची लाडकी. ‘किती समंजस आहे हो!’ असं तिच्याबद्दल सगळेच म्हणतात, आणि या कौतुकाने तिचं तोंड कायमचं बंद होतं. समंजस मुलीने रडायचं कुठे?

मारामारी करणाऱ्याच्या वाट्याला दुसरं वाक्य येतं: ‘बापावर गेलाय.’ त्यात तथ्य किती? डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलग्यांचा एक अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा जन्मदाता, आई किंवा वडील, दारूचा आजारी होता आणि जे लहानपणीच परक्या घरी वाढले, त्यांच्यापैकी सुमारे १८ टक्के पुढे त्याच आजारात सापडले. बाकीच्यांमध्ये हे प्रमाण ५ टक्के होतं. म्हणजे रक्ताचा हात आहे, चांगलाच आहे. पण हाच आकडा उलटा वाचला तर १०० पैकी ८२ जण त्या वाटेला गेले नाहीत. हवाई बेटांतल्या काउआईवर एमी वर्नर यांनी १९५५ साली जन्मलेल्या मुलांची जन्मापासून मोठेपणापर्यंत नोंद ठेवली. त्यात दारूड्या पालकांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक अठराव्या वर्षापर्यंत मोठ्या अडचणीत न सापडता वाढली होती. अशा तगून गेलेल्या मुलांच्या आयुष्यात वर्नर यांना पुन्हा पुन्हा एक गोष्ट दिसली: कायम आपल्या बाजूने असणारं कोणी तरी एक मोठं माणूस. आजी, मावशी, शेजारीण, एखादे मास्तर. सरकारी योजनेत हे माणूस बसवता येत नाही, पण जिथे ते आधीच आहे तिथे त्याला बळ देता येतं.

आता पुस्तकाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे, म्हणजे कुटुंब पुन्हा एकत्र येण्याकडे. या विषयावरचं बरंचसं लेखन परदेशी आहे आणि ते इथे जसंच्या तसं लागू पडत नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये व्यसनी पालकाकडून मूल काढून घेतं ते न्यायालय. अमेरिकेच्या १९९७च्या कायद्यानुसार मूल २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी देखभालीत राहिलं, तर काही अपवाद वगळता पालकत्व कायमचं संपवण्यासाठी अर्ज करावा लागतो. आपल्याकडे अशी ताटातूट फार क्वचित कागदावर होते. आई एका रात्री दोन पोरांना घेऊन माहेरी येते. थोरला मामाकडे ठेवला जातो, धाकटी आजीकडे. एखाद्याची आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात सोय लागते, कारण तिथे जेवण आहे. निर्णय कोणी घेतला, किती दिवसांसाठी, परत कधी, कशाचीच नोंद नसते. आणि जशी कागदाविना ताटातूट, तसंच कागदाविना परतणं. ‘आता सुधारलाय, पाठवून दे पोरांना,’ असा सासूचा फोन येतो. मे महिन्याच्या सुट्टीत मुलं जातात, जूनमध्ये शाळा बदलते. मुलाला विचारणं हा प्रकार यात कुठेच नसतो.

कायद्याची यंत्रणा नाही असं नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यांत बालकल्याण समित्या आहेत. मूल समितीपुढे आलं की पंधरा दिवसांत सामाजिक तपास अहवाल आणि चार महिन्यांत अंतिम आदेश, अशी मुदत आहे. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आणि मुलाला कुटुंबात परत पोचवणं हे बालगृहांचं मुख्य उद्दिष्ट, हेही कायद्यातच लिहिलेलं आहे. आर्थिक ओढगस्तीमुळे मूल घराबाहेर पडू नये म्हणून ‘मिशन वात्सल्य’मध्ये दरमहा चार हजार रुपयांच्या प्रायोजकत्वाची तरतूद आहे, राज्याची बालसंगोपन योजना आहे, आणि १०९८ हा क्रमांक तर आता शाळांच्या भिंतींवरही असतो. अडचण अशी, की बालकल्याण समिती आणि व्यसनमुक्ती केंद्र यांची वाट एकमेकांना फारशी लागत नाही. एका फायलीत मूल असतं, दुसऱ्या फायलीत बाप. तो कसा आहे हे समितीला कळत नाही आणि मूल कुठे आहे हे केंद्राला माहीत नसतं.

या दोन फायली एकत्र ठेवून पाहण्याचा एक प्रयोग लंडनमध्ये झाला. निकोलस क्राइटन नावाच्या न्यायाधीशांनी २००८ साली तिथे ‘फॅमिली ड्रग अँड अल्कोहोल कोर्ट’ सुरू केलं. एकाच आईची एकापाठोपाठ एक मुलं काढून घेतली जाताना पाहून ते विटले होते. तिथे पालकाला दर पंधरवड्याला त्याच न्यायाधीशासमोर यायचं असतं, आणि या भेटीत वकील नसतात. उपचार करणारे, समाजसेवक आणि न्यायाधीश एकाच टेबलाभोवती. नेहमीच्या न्यायालयांच्या तुलनेत तिथे व्यसन थांबल्याचं आणि मुलं घरी परतल्याचं प्रमाण अधिक आढळलं. त्यातही मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट: जिथे पालकाला जमत नाही, तिथेही निर्णय वेळेत होतो आणि मूल लटकत राहत नाही. आपल्या जिल्ह्यांत असं न्यायालय उद्या उभं राहील असा भाबडा विश्वास मला नाही. पण महिन्यातून एकदा समितीची माणसं, केंद्राचा समुपदेशक आणि शाळेच्या बाई एका खोलीत बसायला कायदा आड येत नाही.

या पुस्तकातली मला सर्वांत मोलाची वाटलेली पानं परत येण्याविषयीची आहेत. बाप महिन्याभराने केंद्रातून घरी येतो तेव्हा तो खरोखर बदललेला असतो. शरीर शुद्ध झालेलं असतं, रडून झालेलं असतं, आयुष्यात पहिल्यांदा त्याने खरं बोलून पाहिलेलं असतं. घरात शिरताच त्याला आपली जागा परत हवी असते. तर ती जागा आता रिकामी नसते. वीजबिल, किराणा, धाकट्याच्या शाळेची फी हे सगळं चौदा वर्षांची मुलगी बघत असते. पैशांचा डबा कुठे आहे हे आईला आणि तिलाच माहीत असतं. बाप म्हणतो, ‘आता मी आलोय, दे इकडे.’ ती देत नाही. तो दुखावतो, आई मधल्या मध्ये पिसली जाते, आणि शेजारीपाजारी म्हणतात, बघा, एवढा सुधारला तरी पोरीला किंमत नाही. खरं तर ती मुलगी शहाणपणानेच वागत असते. याआधी तीनदा तो असाच सुधारून आला होता, हे तिने पाहिलेलं असतं. बापाच्या दारूमुक्तीचे दिवस मोजले जातात, मीटिंगमध्ये वाढदिवसाला टाळ्या पडतात. मुलाच्या विश्वासाचे दिवस त्याच तारखेपासून सुरू होत नाहीत. बाप सहा महिने शुद्धीत राहिला की मूल कदाचित पहिल्यांदा रागावतं, कारण आता रागावलं तरी चालेल इतपत त्याला सुरक्षित वाटू लागलेलं असतं. नेमकं तेव्हाच घरचे त्याला गप्प करतात: ‘आता काही बोलू नकोस, त्यांना टेन्शन आलं तर पुन्हा पितील.’ या एका वाक्याने बापाच्या व्यसनाची जबाबदारी पुन्हा पोरावर येऊन पडते. (वाढदिवसाच्या कार्यक्रमात मुलाला माइकसमोर उभं करून ‘बाबांबद्दल चार शब्द’ बोलायला लावण्याची प्रथाही आता बंद करावी. टाळ्या मिळतात, म्हणून ती चालू आहे.)

म्हणून परतणं टप्प्याटप्प्याने व्हावं, असा या पुस्तकाचा आग्रह आहे. आधी आजीच्या घरी रविवारची दुपार, मग एक मुक्काम, मग दिवाळीची सुट्टी. आणि शाळा बदलायची ती अगदी शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर मुलाला एकट्याला विचारायचं. बापाची स्लिप होणार हे धरून चालायचं, कारण पहिल्याच प्रयत्नात कायमची सुटलेली माणसं थोडी. ती झाल्यास मुलाने कोणाच्या घरी जायचं, कोणाला फोन करायचा, हे बाप शुद्धीत असतानाच, त्याच्यासमोर ठरवायचं. ‘हे मी पुन्हा पिणार म्हणून का?’ असं त्याला वाटतं, सुरुवातीला अपमान वाटतो. पण मुलासाठी हा आराखडा सहीनिशी मान्य करणं, ही बऱ्याच बापांनी पालक म्हणून केलेली पहिली ठोस गोष्ट असते.

आईच पिणारी असेल तर काय, यावर पुस्तकात एक छोटं प्रकरण आहे. ते आणखी मोठं हवं होतं. पिणाऱ्या नवऱ्याची वाट पाहणारी बायको आपल्याला आदर्श वाटते. पिणाऱ्या बायकोची वाट पाहणारा नवरा विरळा, आणि असलाच तर लोक त्याला हसतात. अशा आईचं मूल तिच्यापासून लगेच तोडलं जातं आणि ती बरी झाल्यावरही परत मिळत नाही. ‘मुक्तांगण’ला स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग काढावा लागला, यावरूनच ही अडचण कळावी.

आणि काही घरं पुन्हा जोडायची नसतात. जिथे मारहाण दारूपुरती नव्हती, शुद्धीतही हात उठत होता, जिथे मुलीवर अत्याचार झाला होता, तिथे बाप किती दिवस कोरडा आहे हा प्रश्नच गैरलागू आहे. लेखकांनी हे प्रकरण पुस्तकाच्या शेवटी ठेवलं आहे. मी हस्तलिखित वाचताना ते सगळ्यात आधी वाचलं, आणि अंगणवाडीच्या ताई, शाळेचे शिक्षक, पोलीस पाटील यांच्यापैकी कोणी हे पुस्तक हातात घेतलं, तर त्यांनीही तिथून सुरुवात करावी, असं मी सुचवीन. परत पाठवायचं नाही ते कोणाला, हे आधी पक्कं कळलं तरच बाकीच्यांना पाठवताना हात कापणार नाही.